रोवण्याच्या दिवसांतला सोमवार

पहाटे पाच

रात्रभर पाऊस कोसळत होता. डोळे उघडताच हात गेला तो कागदांच्या गठ्ठ्याकडे. युरियाच्या रिकाम्या गोणीत, वरून मेणकापड गुंडाळून ठेवलेला गठ्ठा कोरडा होता. जुलै २०२१ मधला हा सोमवार, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुलांना आठवडाभराचा अभ्यास घरपोच द्यायचा दिवस.

मार्च २०२० मध्ये शाळेला कुलूप लागलं. गावखेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला २०२१ चा १ डिसेंबर उजाडायचा होता, पण त्या जुलैत ते कोणालाच माहीत नव्हतं. मधल्या काळासाठी पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १ जुलै ते १४ ऑगस्ट असा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला होता. दुसरीपासून वरच्या वर्गांना रोजची एक कृतिपत्रिका आणि ठरावीक टप्प्यावर चाचणी. पानं मोबाइलवर यायची. आमच्या मुलांच्या घरी ती उघडणार कशावर? म्हणून धानोऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून, सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या, पैशांत बसतील तेवढ्या प्रती पाठपोट काढून आणायच्या. उरलेल्या प्रती हाताने लिहायच्या.

सेतू मागच्या इयत्तेची उजळणी धरून आखलेला होता. चौथीच्या मुलांना तो बराचसा लागू पडला. दुसरीच्या मुलांचं काय करायचं? त्यांची नावं जून २०२० मध्ये पटावर चढली, वर्षभर पटावरच राहिली, आणि फळ्यासमोर एकदाही न बसता ती मुलं दुसरीत गेली. उजळणी करायला मागे काही नव्हतंच. त्या गठ्ठ्यात मला सर्वांत जड वाटायचे ते दुसरीचे कागद.

सकाळी सहा

चहा घेऊन बांधाबांध. प्रत्येक मुलाच्या नावाचा वेगळा संच, सुतळीने बांधलेला. पहिली-दुसरीच्या संचाला चिंचोक्यांची पुडी आणि बांबूच्या काड्या. काड्या सुट्या द्यायच्या, दहा-दहाचे गठ्ठे मुलांनी स्वतः बांधायचे. ते काम आपण करून दिलं की त्यातलं निम्मं गणित आपणच खाऊन टाकतो, असं माझं ठाम मत आहे.

छापील कृतिपत्रिकांच्या वर माझं एक हाताने लिहिलेलं पान असायचं, ‘घरचा पाठ’. त्या आठवड्याचं पान असं होतं. सोमवारी रोवण्याला पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, किती जुड्या लागल्या त्या मोजायच्या. मंगळवारी आजीला विचारून पावसाळी रानभाज्यांची नावं लिहायची किंवा चित्रं काढायची: तरोटा, कुड्याची फुलं, वास्ते, सात्या. बुधवारी सरळ भिंतीचा डबा अंगणात ठेवायचा आणि पाऊस थांबल्यावर पाणी किती बोटं चढलं ते बघायचं. गुरुवारी घरातल्या मापाने पायलीत किती शेर धान बसतं ते भरून बघायचं. शुक्रवारी घरातल्या मोठ्या माणसाकडून एक गोष्ट ऐकायची, गोंडीत असली तरी चालेल. शनिवारी ती गोष्ट मला नाहीतर शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकेला, मॅडमना सांगायची.

हे पान सुचायला उन्हाळा कारणीभूत होता. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात मुलं आईबापांसोबत पहाटे जंगलात जातात आणि दुपारी मांडवात बसून पुडे बांधतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पुस्तकातली वजाबाकी अडलेला चौथीतला मुलगा, शंभर पुड्यांना अजून किती कमी आहेत, हे बोलता बोलता सांगत होता. त्याला गणित येत होतं. आमच्या कागदावर ते कुठे दिसत नव्हतं एवढंच.

सकाळी साडेसात

आमची शाळा द्विशिक्षकी. गाव आणि अलीकडचा टोला, म्हणजे वस्ती, मॅडम सांभाळायच्या, नाल्यापलीकडचे दोन टोले माझ्याकडे. गाडी नाल्यापर्यंत जाते. त्या दिवशी पाणी मांडीपर्यंत होतं, पण ओढ नव्हती. गोणी डोक्यावर, चपला हातात. पाणी गढूळ असेल आणि वरच्या अंगाला काळं दिसत असेल तर पाय घालायचा नाही हे इथल्या लोकांनी मला शिकवलं. भामरागडकडे पर्लकोटा नदी चढली की गावंच्या गावं तुटतात. त्यामानाने आमचा नाला गरीब.

सकाळी साडेआठ

पहिल्या टोल्यावर पोचलो तेव्हा निम्मी घरं रिकामी. रोवणं भरात असताना पहाटेच माणसं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरतात, हे आम्हाला ठाऊक असलं तरी शाळेचं घड्याळ दहा ते पाचच राहिलेलं. मी लवकर निघायचो ते त्यासाठीच.

इथे माझा खरा आधार होती नववीतली एक मुलगी. आश्रमशाळा बंद झाल्या तशी वसतिगृहातली मुलं घरी पाठवली गेली. आदिवासी विकास विभागाने ‘अनलॉक लर्निंग’ नावाने त्यांच्यापर्यंत अभ्यास पोचवायचा प्रयत्न केला, पण गावोगावी परतलेली ही मोठी मुलं स्वतःच केवढी मोठी शिदोरी होती! तिच्या घरच्या सपरीत लहान मुलं एकमेकांपासून अंतर राखून बसायची. ती गोंडीत समजावायची, मग मराठीत लिहून दाखवायची. वर्गात मी वर्षभर खपून जे साधलं नसतं ते तिने दुसरीच्या दोन मुलांकडून करून घेतलं होतं: कान, मान, काम, मामा. मुलं अक्षरं जुळवून वाचत होती.

मी मागच्या आठवड्याचे कागद गोळा केले. एकाचं पान पूर्ण भरलेलं, एकही चूक नाही. त्याला जवळ बसवून तेच गणित काड्यांवर मांडायला सांगितलं, तर तो गप्प. मोठ्या भावाने भरून दिलेलं होतं. रागावायचं कशाला? त्याला कागद पूर्ण करायचा होता, कारण आम्ही कागदच मागत होतो. म्हणून मी ठरवून टाकलं होतं की प्रत्येक मुलाजवळ थोडा वेळ बसायचं, एक गोष्ट करायला लावायची आणि ऐकायचं. कागद दिला, कागद घेतला, एवढ्याने शिक्षण झालं असं मानायला मी तेव्हाही तयार नव्हतो आणि आजही नाही.

एका घरी आजी भेटली. तिला विचारलं, नात कुठे?

“बांधीत गेली जी गुरुजी. लहान भावाले पाहते, तिची माय रोवते.”

“मग संच तुमच्याजवळ ठेवू?”

“ठेवा ना. पन मले वाचता येत नाई.”

“आजी, त्यात एक पान तुमच्यासाठीच आहे. भाज्यांची नावं तुम्ही सांगायची, तिनं लिहायची.”

आजी हसली आणि तिथल्या तिथे नावं सांगायला लागली. मी वहीत लिहून घेतली. त्यातली काही मला पहिल्यांदाच कळत होती.

सकाळी साडेअकरा

दोन टोल्यांच्या मधल्या टेकडीवर मोहाच्या झाडाखाली रेंज मिळते. रोजची माहिती तिथून भरायची: ऑनलाइन शिकणारे किती, ऑफलाइन किती, किती मुलांपर्यंत पोचलात. आकडे द्यायला माझी ना नव्हती. मूल काय शिकलं याला मात्र त्यात रकाना नव्हता.

राज्यात प्रयत्न कमी झाले होते असं मी म्हणणार नाही. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागली. नोव्हेंबरपासून व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याचा ‘स्वाध्याय’ आला. २०२१ च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलं असलेल्या ६७.६ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०१८ च्या जवळजवळ दुप्पट. पण फोन असलेल्या घरांतही साधारण चौथ्या हिश्श्यातल्या मुलांच्या हाती तो पडत नव्हता. आमच्या टोल्यावर तर फोन असला तरी तो चार्ज करायला वीज आणि लावायला टेकडी लागायची. म्हणून मला रेडिओ जास्त जवळचा वाटतो. प्रथम संस्था आणि आकाशवाणी नागपूर यांनी नागपूर विभागातल्या मुलांसाठी ‘शाळेबाहेरची शाळा’ सुरू केली ती २०२० मध्येच. इबोलाच्या साथीत सिएरा लिओनने शाळा बंद असताना धडे रेडिओवर नेले होते. काम करता करता ऐकता येतं, आईला आणि आजीलाही ऐकू जातं, हा रेडिओचा मोठा गुण.

रेंजमध्ये आहे तोवर सिंदेवाहीच्या मित्राला फोन लावला. आम्ही डीएडला एकत्र होतो. मी मूळचा ब्रह्मपुरीकडचा, त्यामुळे त्याची अडचण मला सांगावी लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या पट्ट्यात वाघ गावाच्या शिवारापर्यंत येतो. त्याच्याकडे रस्ता चांगला, रेंज चांगली, पण मुलांना एका वाडीतून दुसरीत पायी बोलवायची सोय नाही आणि दिवस कलल्यावर कोणी दाराबाहेर सोडत नाही. तो दहा ते तीनमध्येच गट बसवायचा, तेही मोठी माणसं पोचवायला आली तर. माझ्या मुलांना वेळ मिळायचा तो नेमका संध्याकाळी. चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये, जंगल एकच, तरीही आठवड्याचा अभ्यास दोघांना सारखा आखता येत नव्हता.

मग पुण्यातून सगळ्यांसाठी एक पान कसं पुरावं? एकट्या गडचिरोलीत धानोरा-एटापल्लीकडे गोंडी, भामरागडला माडिया, सिरोंच्याला तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली. मुलं घरी शिकणार असतील तर घरची भाषा त्या पानावर हवीच. याच धानोरा तालुक्यात मोहगावला ग्रामसभांनी २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा उभी केली. त्यामागची तहान मला टाळेबंदीत नीट कळली.

दुपारी एक

एका पालकाच्या मांडवात जेवलो. भात आणि तरोट्याची भाजी. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ आता शिजवून न देता घरी वाटली जायची, त्याची चौकशी झाली. पुढचं वाटप कधी, हे विचारताना त्या माणसाने आवाज खाली आणला होता. उत्तर माझ्याकडे होतं, ते दिलं.

दुपारी अडीच

दुसरा टोला जवळपास ओसच. मी थेट बांधीवर गेलो. बाया ओळीने वाकून रोवत होत्या, दोन पुरुष चिखलणी करत होते, आणि आमची दुसरीतली मुलगी धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या जुड्या नेऊन देत होती. तिच्या आईने मला पाहिलं.

“गुरुजी, आज काई ती घरी येनार नाई. तितंच शिकवा ना!”

मी धुऱ्यावर बसलो. हिला मी मागचे काही आठवडे बोलतं करू शकलो नव्हतो. कृतिपत्रिकेतली ‘दशक-एकक’ची चौकट तिने कोरीच ठेवलेली. काड्या कुठेतरी हरवल्या होत्या. मी विचारलं, या बांधीला किती जुड्या दिल्यास? तिने गोंडीत उंदी, रंड, मुंद अशी सुरुवात केली, दहावर थांबली आणि धुऱ्यावर एक दगड ठेवला. पुन्हा उंदीपासून. पुन्हा दगड. मग उरलेल्या मोजल्या. दोन दगड आणि तीन जुड्या.

तिच्याच हाताने ओल्या मातीत काडीने डावीकडे २ लिहवला, उजवीकडे ३. हा दोन कोणाचा? तिने दगडांकडे बोट केलं. तीन? तिने जुड्या दाखवल्या. मग मी तिसरा दगड ठेवला आणि जुड्या काढून घेतल्या. आता काय लिहायचं? तिने बराच वेळ विचार केला आणि ३ च्या पुढे शून्य काढलं. शून्य कुठून आणलंस, विचारलं, तर म्हणाली, “हात रिकामा हाये ना.”

मला तिथल्या तिथे तिची चाचणी घेतल्याची नोंद करावीशी वाटली, पण चाचणीचा कागद वेगळा होता, त्यात दगड नव्हते. मी माझ्या वहीत सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. या मुलीला कोणी कच्ची म्हणू नये यासाठी ती नोंद मी जपली. ती शाळेपासून वंचित राहिली होती. शिकण्याची तिची ताकद शाबूत होती, आणि ती वाया जाऊ न देणं हे आमचं काम होतं.

आईने चिखलाचे हात तसेच ठेवून हे सगळं पाहिलं. म्हणाली, “रोज असं मोजून घेऊ का मी हिच्याकडून?” मी म्हटलं, “रोज घ्या. शनिवारी मला सांगा.”

संध्याकाळी साडेपाच

परतताना ग्रामसभेच्या अध्यक्षांकडे थांबलो. दुसऱ्या लाटेच्या धसक्यानंतर गावकरी मुलांना एकत्र बसवायला कचरत होते, ते साहजिकच होतं. माझी विनंती इतकीच होती: बांधीवरून लोक परतल्यावर, अंधार पडायच्या आत तासभर समाजमंदिर उघडावं. दारं-खिडक्या उघड्या, पाच-सात मुलं, आश्रमशाळेतली मुलगी शिकवेल, मी किंवा मॅडम आळीपाळीने येऊ. त्यांनी दोन माणसांना बोलावून विचारलं. एकाचं म्हणणं पडलं, रोवणं संपेपर्यंत थांबा. दुसरा म्हणाला, तोवर पोरं आणखी मागं जातील. शेवटी बुधवारच्या बैठकीत ठरवायचं ठरलं.

रात्री आठ

नोंदवही काढली. भरून आणलेले कागद किती हे एका ओळीत संपलं. पुढची पानं मुलांच्या नावांची: कोण वाचून दाखवतो, कोणाला कोणी भरून दिलं, कोणाला डोळे तपासायला न्यायला हवं, कोणाच्या घरी दिवसा कोणीच नसतं. आजीने सांगितलेली भाज्यांची नावं दुसऱ्या वहीत उतरवली. चौथीच्या भाषेच्या पानात ती वापरता येतील.

मग मॅडमना फोन. त्यांच्या टोल्यावरही तीच रड, मुलं बांधीत. पुढच्या आठवड्यासाठी आम्ही ठरवलं ते असं: दुसरीला छापील पानं रोज एकच द्यायची, तीही तोंडी करून घ्यायची. काड्यांऐवजी दगड आणि जुड्या. संच सोमवारी घरी न देता रविवारी संध्याकाळी द्यायचे, तेव्हा आईबाप घरी असतात. आणि बुधवारच्या बैठकीला दोघांनीही जायचं, मॅडमनी बायांशी बोलायचं, कारण मुलं सोडायची की नाही ते त्या ठरवणार.