पहिल्यांदाच इंदूरला जाताय? खाण्याचा बेत असा आखा

इंदुरात हॉटेल ठरवण्याआधी वेळ ठरवा. इथे कधी खायचं यावर कुठे खायचं ते ठरतं.

🌅 सकाळी: वाफेवर ठेवलेले मऊ पोहे, वर शेव आणि जिरावण मसाला, सोबत गरम जिलबी. जिथे गर्दी दिसेल ती गाडी निवडा.

🌇 संध्याकाळी: ‘छप्पन दुकान’ ही खाऊगल्ली. विजय चाट हाऊसचं खोबरा पॅटिस आणि जॉनी हॉट डॉग चुकवू नका.

🌙 रात्री: सराफा बाजार. दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात खाऊगल्ली भरते. जोशींचा दहीवडा, भुट्ट्याचा कीस, मालपुवा खा. हिवाळ्यात तळलेला गराडू (एक कंद) हवाच!

एका ठिकाणी एकच पदार्थ, तोही दोघांत एक प्लेट. सराफ्याला जाल त्या रात्री वेगळं जेवण ठेवू नका.