एकच जहाज, दोन नावं : सेवा-इतिहास कसा वाचायचा?

लोणावळ्यात नौदलाचं एक 'जहाज' आहे, जे कधीच पाण्यात उतरलेलं नाही : आयएनएस शिवाजी. १९४५ पासून इथे नौदलाच्या लोकांना सागरी अभियांत्रिकीचं प्रशिक्षण दिलं जातं. सगळा कारभार डोंगरावर, तरी नाव जहाजाचं. म्हणून नौदलाची कागदपत्रं वाचताना आधी विचारायचं : ही नोंद कशाची आहे? नावाची, लोखंडी सांगाड्याची की कामाची? संशोधनात यालाच विश्लेषणाचं एकक म्हणतात.

आता एक खरंखुरं तरंगणारं जहाज घेऊ. अमेरिकेचं 'जनरल हॉइट एस. व्हॅन्डेनबर्ग' हे क्षेपणास्त्रांचा माग घेणारं जहाज होतं. असं जहाज लागतंच कशाला? लोहगडावर उभं राहून घाट उतरलेली गाडी दिसत नाही. ती बघायला खोपोलीत कुणीतरी उभं असावं लागतं. रडारचंही तसंच. पृथ्वी गोल असल्यामुळे १०० किमी उंचीवरचं क्षेपणास्त्रसुद्धा साधारण १,१०० किमी अंतरानंतर क्षितिजाखाली जातं. पुढचा मार्ग टिपायचा तर रडार समुद्रातच न्यायला हवं.

तुम्ही फक्त 'व्हॅन्डेनबर्ग' हे नाव शोधलंत, तर इतिहास १९६३ पासून सुरू होतो. पण सांगाडा २० वर्षं जुना आहे. १९४३ मध्ये ते 'जनरल हॅरी टेलर' या नावाने पाण्यात उतरलं. महायुद्धात त्याने सैनिक वाहिले, नंतर युरोपातले निर्वासित. १९६० च्या दशकात त्याच्यावर मोठमोठ्या अँटेना बसवल्या गेल्या आणि नाव बदललं.

हा आधीचा भाग गाळला तर नुकसान काय? पहिलं म्हणजे, या जहाजात एवढी जागा आली कुठून, हे कळत नाही. सुमारे १५९ मीटर लांबीचं हे जहाज मुळात माणसांच्या गर्दीसाठी बांधलेलं होतं. त्यामुळेच उपकरणं आणि तंत्रज्ञ त्यात मावले. दुसरं, त्यातून प्रवास केलेले निर्वासित तुमच्या अभ्यासातून गायबच होतात.

शेवटही बघा. १९८३ मध्ये ते निवृत्त झालं आणि २७ मे २००९ रोजी की वेस्टजवळ कृत्रिम प्रवाळभित्तीसाठी मुद्दाम बुडवलं गेलं. नौदलाच्या दृष्टीने सेवा संपली. सागरी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी मात्र तिथून नोंदी सुरू होतात. आपल्याकडे १९८५ ला सेवेत आलेली आयएनएस गुलदार २०२४ मध्ये निवृत्त झाली आणि सिंधुदुर्गात निवतीजवळ पाण्याखालच्या संग्रहालयासाठी निवडली गेली. याउलट भारताची आयएनएस ध्रुव विशाखापट्टणमला मुळातच माग घेण्यासाठी बांधली गेली. २०२१ मध्ये ती सेवेत आली. तिचा 'आधीचा जन्म' शोधायची गरज नाही.

तेव्हा तक्ता करताना तीन रकाने वेगळे ठेवा : नाव, सांगाडा, काम. प्रत्येकासमोर सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष लिहा. वर्षं जुळत नसतील तिथे थांबा, कारण खरा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सापडतो. विषय जहाजाचा नसला तरी हे चालतं. पुण्याच्या जुन्या नोंदी शोधताना 'पूना' टाकून बघितलंत का?