दिवा पुढे, पट्टी पायाला

ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. समोर काहीतरी आहे हे चालकाला कळून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत रात्रीच्या वेळी दीड-दोन सेकंद सहज जातात. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी ३३ ते ४४ मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर, टायर धड असतील तर, थांबायला आणखी ३५-४० मीटर लागतात. एकूण हिशोब सत्तर-ऐंशी मीटरांचा झाला. आणि हेडलाइट डिपरवर असताना गडद कपड्यांतला सायकलस्वार चालकाला दिसतो तो साधारण तीस मीटरवर. चालक कितीही सावध असो, मधले चाळीस-पन्नास मीटर त्याच्या हातात नसतात. रस्ता ओला असेल तर तूट आणखी वाढते.

सायकलस्वाराला मात्र धोका जाणवत नाही. गाडीचे दिवे त्याला किलोमीटरभरावरून दिसतात, रस्ता उजळत येताना दिसतो, आपल्या अंगावर प्रकाश पडलेलाही दिसतो. मग गाडीवाल्याला आपण दिसतच असणार, असे त्याला वाटते. हा गैरसमज सार्वत्रिक आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जोआन वुड आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे नेमका हाच प्रश्न अभ्यासत आले आहेत. आपण रात्री किती लांबून दिसतो याचा सायकलस्वारांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त असतो, हे त्यांच्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे.

याची पहिली गाठ आपल्या डोळ्यांशी आहे. दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. दिवसा काम करतात त्या शंकुपेशी, अंधारात सरसावतात त्या दंडपेशी. शंकुपेशींना सगळ्यात चांगला जाणवतो तो ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, पोपटी छटेचा प्रकाश. दंडपेशींची पसंती ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याकडे सरकते, आणि तांबड्या रंगाला त्या जवळजवळ आंधळ्या असतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे टिपून ठेवले होते की, भर उन्हात झळाळणारी लाल फुले पहाटेच्या अंधुक उजेडात काळपट दिसतात. रात्रीच्या रस्त्यावर हेडलाइटच्या कक्षेबाहेर असलेला लाल स्वेटर आणि काळा स्वेटर यांत फारसा फरक उरत नाही.

भडक पोपटी जॅकेट रात्रीही उठून दिसते, हाही असाच एक गैरसमज आहे. त्याचा रंग सूर्यप्रकाशातले अतिनील आणि निळे किरण शोषून घेतो आणि तीच ऊर्जा पोपटी प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतो. म्हणून दिवसा आणि तिन्हीसांजेला ते डोळ्यांत भरते. हेडलाइटच्या प्रकाशात अतिनील किरण नावालाच असतात. त्यामुळे रात्री ते जॅकेट साध्या फिकट कापडासारखे वागते, त्यातला चमत्कार मावळतीबरोबर संपलेला असतो. दुकानात जॅकेट निवडताना रंग बघण्यापेक्षा त्यावर रुपेरी पट्ट्या आहेत का ते बघावे.

या रुपेरी पट्ट्यांत आणि सायकलच्या लाल रिफ्लेक्टरमध्ये फार सुंदर विज्ञान आहे. पांढऱ्या कापडावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, त्यातला अगदी किरकोळ अंश चालकाच्या डोळ्यांकडे जातो. आरशावर पडलेला प्रकाश विखुरत नाही, पण तो भलतीकडेच निघून जातो. आरसा अगदी नेमका गाडीकडे तोंड करून धरला तरच उपयोग. रिफ्लेक्टर या दोहोंपेक्षा वेगळा. प्रकाश कुठूनही येवो, तो जिथून आला तिकडेच परत पाठवायचा, एवढेच त्याचे काम. कॅरमवर कोपऱ्याजवळ एका कडेला मारलेला स्ट्रायकर लगेच दुसऱ्या कडेला लागला, तर तो आलेल्या दिशेला समांतर असा परत येतो. पहिली कड त्याची एक दिशा उलटवते, दुसरी कड दुसरी. प्रकाशाच्या किरणाला मात्र तीन दिशा असतात, म्हणून त्याच्यासाठी एकमेकांना काटकोनात असलेले तीन आरसे लागतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तशी ही रचना. किरण तिन्ही पृष्ठांवर आपटतो, त्याचे तिन्ही घटक उलटतात आणि तो मुकाट आलेल्या वाटेने मागे फिरतो. सायकलच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर जवळून पाहा. प्लास्टिकच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसेल. तिच्यातले प्रत्येक घर म्हणजे असा एक कोपरा आहे.

हीच रचना चंद्रावरही आहे. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे अशा १०० कोपऱ्यांचे एक तबक ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेझर त्यावर आपटून परत येतो आणि चंद्राचे अंतर मोजता येते, आजही. आपल्या चांद्रयान ३ च्या विक्रम लँडरवर नासाने दिलेला, आठ कोपऱ्यांचा, जेमतेम पाच सेंटिमीटर रुंदीचा असाच एक रिफ्लेक्टर आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने सुमारे शंभर किलोमीटरवरून त्यावर लेझर टाकला आणि परत आलेला प्रकाश टिपला. विक्रम आणि त्यातला प्रज्ञान तेव्हा कधीच निद्रिस्त झाले होते. रिफ्लेक्टरला बॅटरी लागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

कापडी पट्टीत कोपऱ्यांऐवजी बहुधा काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात. किरण मण्यात शिरताना वाकतो, मागच्या चकचकीत पृष्ठावर एकवटतो आणि तिथून परत फिरतो. महामार्गावरच्या पांढऱ्या पट्ट्या रात्री उजळतात त्याही रंगावर पसरलेल्या काचेच्या मण्यांमुळेच. साध्या प्रतीची अशी पट्टीसुद्धा चालकाच्या दृष्टीने पांढऱ्या कापडापेक्षा शे-दोनशे पट उजळ ठरते. जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या मडगार्डचे टोक पांढरे रंगवलेले असायचे. काहीच नसण्यापेक्षा ते बरे, पण पट्टीची सर त्याला नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी. मणी उघडे असतील तर पाण्याचा थर बसताच किरण वाकण्याचे गणित बिघडते. हवेतून काचेत शिरताना तो जितका वाकतो तितका पाण्यातून काचेत शिरताना वाकत नाही, त्यामुळे तो मागच्या पृष्ठावर नीट एकवटत नाही आणि पट्टी मंदावते. ज्या पट्टीचे मणी किंवा कोपरे पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणाखाली बंद असतात तिला पावसाचा एवढा त्रास होत नाही. आषाढातल्या अंधाऱ्या संध्याकाळी ज्याला सायकलवरून कामावर जायचे आहे त्याने कापडी पट्टीवर विसंबू नये, वरून गुळगुळीत असलेली प्लास्टिकची पट्टी घ्यावी. आणि ती पुसावी. चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा.

दुसरी गोष्ट ट्रकची. रिफ्लेक्टर प्रकाश परत पाठवतो तो दिव्याकडे, चालकाच्या डोळ्यांकडे नव्हे. हे दोन्ही जवळजवळ असतात म्हणून आपले भागते. परत येणारा झोत किंचित फाकतो आणि त्या फाकलेल्या भागात चालकाचे डोळे येतात. मोटारीत डोळे दिव्यांपेक्षा अर्धा-पाऊण मीटर उंचावर असतात, शंभर मीटरवरून तो कोन अर्ध्या अंशाहूनही कमी होतो. ट्रकचालक दिव्यांपेक्षा दीडेक मीटर उंच बसलेला असतो आणि कोन एका अंशाच्या जवळ जातो. एवढ्याशा फरकाने रिफ्लेक्टर त्याला पुष्कळ फिका दिसतो. ज्या वाहनाखाली सापडण्याचे परिणाम सर्वांत भीषण, त्याच्याच चालकाला आपण सर्वांत कमी दिसतो. कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या बैलगाड्यांना आणि ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात, त्या अत्यंत गरजेच्या आहेत. त्याच रस्त्यांवरून त्याच अंधारात सायकलीही जातात. त्यांची आठवण या मोहिमांनी ठेवायला हवी.

आता या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शोध. १९७३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या गुन्नर योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने काळ्या कपड्यांतल्या माणसांच्या खांद्यांवर, कोपरांवर, मनगटांवर, कमरेवर, गुडघ्यांवर आणि घोट्यांवर उजळ ठिपके लावले आणि फक्त ते ठिपके दिसतील असे चित्रण केले. माणूस स्थिर असताना प्रेक्षकांना विखुरलेल्या ठिपक्यांपलीकडे काही दिसेना. तो चालायला लागताच पाहणाऱ्याला क्षणार्धात कळले की हा माणूस आहे. आपला मेंदू सजीवाची हालचाल ओळखण्यात इतका तरबेज आहे की दहा-बारा ठिपके त्याला पुरतात.

वुड आणि सहकाऱ्यांनी हेच तत्त्व सायकलस्वाराला लावले. बंद रस्त्यावर, रात्री, चालकांना गाडी चालवायला सांगून सायकलस्वार ओळखू आला की कळवायला सांगितले. काळे कपडे घातलेला सायकलस्वार अवघ्या २ टक्के वेळा ओळखला गेला. भडक रंगाचे जॅकेट असताना १५ टक्के, रिफ्लेक्टर पट्ट्यांचे जॅकेट असताना ५० टक्के, आणि त्या जॅकेटच्या जोडीला गुडघ्यांवर व घोट्यांवर पट्ट्या बांधल्यावर ९० टक्के. छातीवरची पट्टी सायकल चालवताना जागची हलत नाही. ती खांबावरची असू शकते, उभ्या टेम्पोची असू शकते, दूरच्या पाटीची असू शकते. घोट्यावरची पट्टी पेडलबरोबर वर-खाली होते, आणि अशी वर-खाली होणारी गोष्ट रस्त्यावर दुसरी कुठलीच नसते. शिवाय डिपरचा झोत मुळात खालीच टाकलेला असतो, त्यात पाय आधी सापडतात. काहीतरी चमकतंय हे कळणे आणि माणूस सायकल चालवतोय हे कळणे, यांत जो सेकंद-दोन सेकंदांचा फरक असतो, तो म्हणजे आपण सुरुवातीला पाहिलेली तूट.

तरीही रिफ्लेक्टर पुरेसा नाही. तो दुसऱ्याच्या दिव्यावर जगतो. रेडियमच्या दुकानात मिळणारी पट्टी स्वतः उजळत नाही, अंधाऱ्या खोलीत ती भिंतीइतकीच काळी असते. बाजूच्या गल्लीतून हमरस्त्यावर येणाऱ्या मोटारीचे झोत समोर असतात, तुम्ही डावीकडून येत असता. त्या झोतात तुम्ही शिराल तेव्हा टक्कर टाळायची वेळ गेलेली असेल. दिवे न लावता निघालेल्या दुचाकीस्वाराला, पायी रस्ता ओलांडणाऱ्या आजीला तर तुमचा रिफ्लेक्टर दिसणारच नाही. त्यांच्यासाठी स्वतःचा दिवा हवा, पुढे पांढरा आणि मागे लाल.

आपल्याकडे एके काळी याची शिस्त होती. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात बिनदिव्याच्या सायकलला पोलीस अडवायचे. रॉकेलचा दिवा, मग टायरला घासून फिरणारा बाटलीसारखा डायनॅमो असे टप्पे झाले. डायनॅमो सहा व्होल्टचा आणि तीन वॅटचा असे, त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याला आणि ०.६ वॅट मागच्या. चढावर पाय भरून यायचे आणि थांबले की दिवा विझायचा. आज तेवढ्याच विजेत एलईडी कितीतरी पट जास्त प्रकाश देतो आणि बॅटरीवरचा छोटा लाल दिवा अनेक रात्री पुरतो. तंत्र स्वस्त आणि चांगले झाले, आणि नेमकी त्याच काळात दिवा लावण्याची सवय मोडली, याचे मला फार वाईट वाटते.

दिव्यांचा उपयोग प्रत्यक्ष अपघातांत दिसतो का? डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये सुमारे ३,८०० सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाच्या सायकलींना चाकातल्या चुंबकांवर चालणारे, दिवसरात्र लागून राहणारे दिवे बसवले. वर्षभरात त्या गटात इजा झालेले अपघात दुसऱ्या गटापेक्षा १९ टक्के कमी झाले. ब्रिस्बेनच्या चाचण्यांत मात्र हँडलवरच्या दिव्याने सायकलस्वार ओळखू येण्यात भर पडली नाही, कारण एकटा दिवा कशाचा आहे हे चालकाला कळेना. मला या दोन निष्कर्षांत विरोध वाटत नाही. दिवा लक्ष वेधतो, पायाची पट्टी ओळख सांगते. दोन्ही हवेत.

लुकलुकणारा दिवा की स्थिर, हा वादही जुना. लुकलुकणारा चटकन लक्ष वेधतो, पण तो किती अंतरावर आहे आणि किती वेगाने सरकतोय हे ठरवणे कठीण जाते. जर्मनीत सायकलला लुकलुकणारे दिवे लावायला परवानगीच नाही. माझ्या मते निदान एक दिवा स्थिर असावा. आणि पुढचा दिवा किंचित खाली झुकवावा, समोरच्या सायकलस्वाराचे डोळे दिपवून आपली सुरक्षितता वाढत नाही.

२०२० मध्ये केंद्र सरकारने सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, म्हणजे नव्या सायकलींची थोडी सोय झाली. पण रात्री रस्त्यावर असतात त्या बहुतेक जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेल्या सायकली. एमआयडीसीतली रात्रपाळी सुटलेला कामगार, सोसायटीचा वॉचमन, पहाटे चार वाजता पेपरचे गठ्ठे आणायला निघालेला मुलगा, हिवाळ्यात शिकवणीहून अंधारात गावाकडे परतणाऱ्या मुली. हौसेने सायकल चालवणाऱ्यांकडे महागडे दिवे असतात, यांच्याकडे नसतात, आणि रस्त्यावर जास्त काळ हेच असतात.

म्हणून विनंती अशी. तुमच्या ओळखीत असे कुणी असेल तर त्याच्यासाठी मागच्या मडगार्डला लाल पट्टी, पेडलच्या दोन्ही कडांना पिवळी पट्टी आणि सीटखाली एक लाल दिवा, एवढे याच आठवड्यात करून द्या. कारखान्याने आपल्या कामगारांसाठी, शाळेने आपल्या मुलांसाठी, सोसायटीने आपल्या वॉचमनसाठी हे करावे. पट्टी डकवण्यापूर्वी जागा कोरड्या फडक्याने नीट पुसून घ्या, धूळ असेल तर ती महिन्याभरात सुटते.