मक्याखाली दबलेली चवळी

बारामती-इंदापूर भागात, वालचंदनगरच्या आसपास, नीरा डाव्या कालव्यावर ऊस उभा असतो आणि गळिताच्या दिवसांत गोठ्यापुढे वाढ्यांचा ढीग पडतो. वाढ्याने पोट भरते. परंतु त्यात प्रथिने कमी, आणि त्यातील ऑक्झॅलेटमुळे चुना जनावराच्या अंगी लागत नाही. ही उणीव पेंडीने भरून काढावी लागते व दुधाचा पगार पेंडीतच जातो.

म्हणून चाऱ्याच्या मक्यात चवळी घ्यावी. पुष्कळजण घेतातही; पण कापणीला चवळी शोधावी लागते. मग "आमच्या रानात चवळी येतच नाही, साहेब" असे ऐकावयास मिळते.

दोष रानाचा नसतो. दोन्ही बियाणे कालवून फोकले की महिन्याभरात मका डोक्यावर छत्री धरतो. आफ्रिकन टॉल तर माणसाच्या वर जातो. सावलीत चवळी लांबट, पिवळी होते. त्यातच आपण युरिया मुक्त हाताने टाकतो. चवळी आपल्या मुळांवरील गाठींतून नत्र मिळवते, तिला त्याचा फारसा उपयोग नाही. मका मात्र दुप्पट जोमाने तिच्यावर चढतो. चवळी शेजारच्या मक्याला नत्र पुरवते हाही गोड गैरसमज आहे. उभ्या पिकात ते थोडेच मिळते, खरा लाभ पुढच्या पिकाला.

तेव्हा फोकू नका, ओळीने पेरा. तिफणीच्या चाड्यातील मधले छिद्र बुजवावे, दोन्ही कडांच्या फणांतून मका सोडावा आणि मधल्या फणामागे मोघण लावून चवळी पेरावी. म्हणजे मक्याच्या दोन ओळींमागे चवळीची एक येते. ओळीत एक फूट अंतर ठेवावे. एकरी मका 20 किलो, चवळी 5 ते 6 किलो पुरे. चवळीच्या 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम चोळून सावलीत सुकवावे. एवढे करूनही चवळी मागे पडली, तर पुढच्या खेपेस दोन-दोन ओळी आलटून-पालटून घ्याव्यात. मका थोडा घटेल, चारा सकस होईल.

स्फुरद पेरतानाच द्यावे. युरिया निम्मा पेरणीस, निम्मा 30 दिवसांनी, आणि तोही मक्याच्या ओळीतच.

कापणीत घाई नको, तसा उशीरही नको. कणसात दूध भरण्याची वाट पाहिली तर तोवर चवळीची पाने गळतात. चवळी फुलून शेंगा धरू लागल्या, साधारण 55 ते 60 दिवसांत, की विळा लावावा. रोजचा भारा आणणाऱ्या माउलीला सगळे रान एकदम कापता येत नाही, म्हणून तुकडे पाडून 10-12 दिवसांच्या अंतराने पेरावे. मका व चवळी एकत्रच कडबाकुट्टीत घालावी. नुसती कोवळी चवळी उपाशी जनावरापुढे टाकू नये, पोट फुगते.

आवर्तन लांबणार अशी शंका असेल, तर मात्र हा मेळ घालू नये. त्या हंगामात कडवळ बरे. तेही फुलोऱ्यावर आल्याशिवाय जनावरास घालू नये, कोवळ्यात विष असते.