आधी आवाज, मग चित्र
लेखमाला : खडू आणि कॅमेरा – भाग ६

मागच्या भागात आपण पुस्तकांचा गठ्ठा आणि जेवणाचा डबा यांच्या जिवावर फोन स्थिर ठेवला. त्यावर साहजिक प्रश्न आला, की आता शूट काय करायचं? माझं उत्तर असं, की आज काहीच शूट करायचं नाही. फोन उपडा ठेवा.

हे मी ठेच खाऊन शिकलो. पहिल्या वेळी एका चौथीच्या वर्गात फोन सरळ मुलांच्या हाती दिला होता. तासाभरात चाळीसेक तुकडे जमले. त्यांत पळणारे पाय होते, फळ्याचा कोपरा होता, कुणाच्या तरी नाकपुड्या होत्या. आणि जिथे तोंड दिसत होतं तिथे बहुतेक जण हिंदीतून चॅनेलला लाईक आणि सबस्क्राइब करायला सांगत होते. गोष्ट एकही नव्हती. दोष मुलांचा नव्हे. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं, की माणूस ज्यांचे व्हिडिओ पाहतो त्यांच्यासारखं बोलू लागतो. मोठेही तेच करतात. हल्लीचं कुठलंही प्री-वेडिंग शूट पाहा.

सुरतेत या अडचणीला आणखी एक पदर आहे. इथली महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं मोठ्या संख्येने राहतात. कुणाचा आजा तापी खोऱ्याच्या रेल्वेने लूमवर कामाला आला, कुणाचा बाप साडी मार्केटात. अशा घरातलं मूल घरी अहिराणी बोलतं, शाळेत गांधीनगरच्या पाठ्यपुस्तक मंडळाने छापलेली मराठी वाचतं, कार्टून हिंदीत पाहतं आणि दुकानात गुजरातीतून सुटे पैसे मागतं. २०२३ च्या कायद्यानंतर पहिली ते आठवी गुजराती हा विषयही सक्तीचा झाला आहे. इतक्या भाषा जिभेवर असलेल्या मुलाला ‘हं, बोल’ म्हटलं, की ते आधी कुठल्या भाषेत बोलायचं याचा हिशेब करतं. तो हिशेब संपेपर्यंत गोष्ट पळालेली असते.

म्हणून आधी आवाज.

ही युक्ती माझी नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात डेना अ‍ॅचली आणि जो लॅम्बर्ट यांनी सामान्य माणसांसाठी कार्यशाळा सुरू केल्या, त्यांतून ‘डिजिटल स्टोरीटेलिंग’ हे नाव रूढ झालं. नाव यंत्राचं असलं तरी त्यांची रीत चावडीवरची वाटावी अशी होती. पाच-दहा माणसं गोल करून बसायची, प्रत्येकाने आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची, ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे. मग ती दोन-अडीचशे शब्दांत लिहायची, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायची, आणि सरतेशेवटी अल्बममधले फोटो त्या आवाजाखाली ठेवायचे. दोन-तीन मिनिटांची फिल्म. चलत्‌चित्र बहुधा नसेच.

गुजरातेत हे सांगताना गिजुभाई बधेका आठवणारच. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक पहिल्या दिवशी वर्गात शांततेचा खेळ करायला जातो आणि सपशेल फसतो. नंतर तो गोष्ट सांगायला लागतो, तेव्हा वर्ग हाती येतो. आपल्या ताराबाई मोडक याच गिजुभाईंबरोबर काम करायला भावनगरला गेल्या होत्या. म्हणजे गोष्टीपासून वर्ग सुरू करण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. फरक इतकाच, की तिथे गोष्ट शिक्षक सांगत होता, इथे मूल सांगणार आहे.

आता प्रत्यक्षात. समजा, चौथीतली एक मुलगी आहे. ‘माझे गाव’ या विषयावर बोल म्हटलं तर ती निबंधाच्या वहीतलं वाक्य सांगणार: माझे गाव निसर्गरम्य आहे. तिथेच थांबवू नका आणि रागावूही नका. विचारा, गावाला जाताना गाडी कुठे जास्त वेळ थांबते? ती म्हणेल, नवापूरला. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. फलाटावर एक बाक असा आहे, की त्याच्या मधोमध राज्यांची हद्द जाते. मग तिला आठवतं, की आईने तिला त्या बाकावर बसवून सरकवलं होतं. ‘आते तू महाराष्ट्रमा शे. इकडे सरक. आते गुजरातमा.’ निसर्गरम्य गाव गेलं आणि गोष्ट आली. ती आली अहिराणीत, कारण आई तसंच बोलली होती.

इथे शिक्षकाचा हात शिवशिवतो. ‘महाराष्ट्रमा’ नव्हे, ‘महाराष्ट्रात’. कृपा करून नको. लेखी भागात प्रमाण मराठी ठेवा, पडद्यावर शीर्षक द्यायचं असेल तर तेही शुद्ध लिहून घ्या, ती शाळेची जबाबदारीच आहे. पण आईचं वाक्य आईच्या भाषेत राहू द्या. ते दुरुस्त केलं तर मुलगी दुसऱ्या वेळी तुम्हाला नवापूर सांगणार नाही, निसर्गरम्य गावच सांगेल.

ऐकणाऱ्या मुलांना काम द्या: प्रत्येकाने एक प्रश्न. लहान मुलं मोठी खोचक असतात. श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटासाठी घरातल्या पुरुषांमागे सव्वा मूठ गहू घेतात, असं एखाद्याने सांगितलं, की मागच्या बाकावरून ‘काबर? बायांचं काबर नई?’ हे येणारच. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मूल घरी आजीकडे जातं आणि परत येतं तेव्हा गोष्ट दुप्पट झालेली असते. मी तरी याहून चांगला गृहपाठ पाहिलेला नाही.

मग लेखन. साठ-सत्तर शब्द, जास्त नाही. चौथीतलं मूल सावकाश वाचेल तर साधारण मिनिटभर. मोठ्या गोष्टीची कापणी करताना मुलांना जे व्याकरण कळतं ते कुठल्याही धड्याने कळत नाही, कारण प्रत्येक शब्द काढताना तो का हवा होता हे सांगावं लागतं.

रेकॉर्डिंगची जागा शोधणं हे सुरतेत स्वतंत्र प्रकरण आहे. खिडकी लूमच्या गल्लीवर उघडत असेल तर खटखट दिवसभर चालू. पंखा बंद करा, कोपऱ्यात दप्तरांची भिंत रचा, वर गोधडी टाका आणि मुलाला त्या गुहेत बसवा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ चे फुत्कार येत नाहीत. सुरुवातीला आणि शेवटी दोन श्वास गप्प. लूमची खटखट मात्र वेगळी रेकॉर्ड करून ठेवा. रातपाळीला जाणाऱ्या वडिलांची गोष्ट कुणीतरी सांगणारच आहे, तिच्याखाली हाच आवाज हवा.

आता चित्रं. बाक, आई, रूळ, पिशवी, खिडकी, गावची वेस: सहा चित्रं, खडूने किंवा रंगपेटीने, प्रत्येक पडद्यावर दहा सेकंद. त्यांचे फोटो काढायचे आणि फोनमधल्या कुठल्याही फुकट अ‍ॅपमध्ये आवाजाखाली मांडायचे. हे काम पहिल्या वेळी शिक्षकाने केलं तरी बिघडत नाही. चित्रांचा एक व्यावहारिक फायदाही आहे: कुणाचाच चेहरा दिसत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. चेहरे दाखवायचे असतील तर तो कागद आधी गोळा करा, आणि चेहरे नसले तरी वर्गाचा व्हिडिओ कुटुंबांच्या ग्रुपबाहेर टाकायची घाई कशाला?

‘पण चित्र हललं तर पाहिजे ना?’ मुलं विचारतात. हलवा की. मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या हौशी माणसांनी सिनेमे काढले, त्यावर फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट आहे. तिथे ट्रॉली नव्हती म्हणून सायकल वापरली, क्रेन नव्हती म्हणून बैलगाडी. त्यांचा सुपरमॅन स्वतः मागावरचा कामगार होता. वर्गात याचं भाषांतर सोपं आहे: चित्राचा कागद ओढणीवर ठेवायचा आणि एकाने ओढणी हळू ओढायची, फोन जागचा हलवायचा नाही. खिडकीबाहेरची झाडं पळू लागतात.

राहिला प्रेक्षक. फ्रान्समधल्या सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२० च्या दशकात वर्गात छोटा छापखाना आणला आणि मुलांनी लिहिलेले कागद छापून दूरच्या ब्रिटनीतल्या एका शाळेला पाठवले. तिकडून त्यांचे कागद आले. अनोळखी मुलं वाचणार म्हटल्यावर मुलांनी आपलं गाव नीट पाहायला सुरुवात केली. लिंबायतच्या वर्गाने नंदुरबारच्या एखाद्या वर्गाशी असा सौदा करावा: एक गोष्ट तुमची, एक आमची. पलीकडच्या मुलांना अहिराणी कळेल, पण लूमवरचे ‘ताका’ (कापडाचा तागा) आणि ‘ग्रे’ (न रंगवलेलं कापड) हे शब्द कळणार नाहीत. ते समजावताना पुढची गोष्ट निघेल.

आणि एकदा तरी घरच्यांना दाखवा. पडद्याला ग्रे कापडाचे चार मीटर पुरतात, मागावरून उतरलेलं, न रंगवलेलं. वर्गात कुणाच्या ना कुणाच्या घरी ते असतंच. वेळ मात्र पालकांना विचारून ठरवा. सकाळी आठला बोलावलं तर रातपाळीचे वडील झोपेत येतील आणि संध्याकाळी बोलावलं तर कामावर असतील. रविवारची दुपार बहुधा जमते. नवापूरच्या बाकाची गोष्ट लागेल तेव्हा त्या मुलीच्या आईला पुढच्या रांगेत बसवा. तिचं वाक्य तिला पडद्यावरून ऐकू येणार आहे.

पुढच्या आठवड्यात : वर्गात फोन एक आणि मुलं पंचेचाळीस. कामं वाटायची कशी?