बग्गीचा सांगाडा आणि सस्पेन्शन : स्वस्ताईचे गैरसमज

तासगाव परिसरात द्राक्षबागांचे लोखंडी मांडव, बेदाण्याच्या शेड आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या कारागिरांची वाण नसल्यामुळे, ऑफ-रोड शर्यतीच्या बग्गीचा निकामी झालेला सांगाडा बदलणे म्हणजे पाइप कापून जोडण्याचेच एक काम आहे, असा समज येथे सहज रुजतो. त्याला आधारही आहे. सांगली जिल्ह्यातीलच देवराष्ट्रे (तालुका कडेगाव) येथील कारागीर दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, हे सर्वश्रुत आहे. मात्र ही गाडी नियमांत बसत नाही, हेही महिंद्रा यांनी त्याच कौतुकात नोंदवले होते. शिवाय ती जीप गावरस्त्याने जाण्यासाठी होती. शर्यतीची बग्गी उंचवट्यावरून हवेत उडते, एका चाकावर आदळते आणि कधी उलटते, म्हणून तिच्या सांगाड्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

पहिला गैरसमज असा की भंगारातील कोणत्याही जुन्या मोटारीची ‘चासी’ काढून तिच्यावर बग्गी उभी करता येते. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मारुती ८०० ला मुळात स्वतंत्र चासीच नाही. तिचे पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा असून छप्पर आणि खांब कापताच त्याची बळकटी जाते. जिप्सीला शिडीसारखी स्वतंत्र चौकट आहे खरी, पण ती चौकट आणि तिचे पाटे (लीफ स्प्रिंग) सुमारे एक टनाच्या गाडीसाठी आखलेले असल्याने, त्याच्या चौथा हिस्सा वजनाच्या बग्गीखाली ते पाटे जवळजवळ दबतच नाहीत. जुन्या मोटारीच्या तळावर बग्गी उभारण्याची कल्पना मूळची अमेरिकेतील आहे. ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये फोक्सवॅगन बीटलचे भाग वापरून ‘मेयर्स मँक्स’ घडवली आणि तशाच एका बग्गीने १९६७ ची पहिली मेक्सिकन १००० शर्यत जिंकली. तेथे बीटल स्वस्त आणि मुबलक होती, तिचा तळ वरच्या अंगापासून सुटा होत होता आणि इंजिन मागे होते. तासगाव-सांगलीच्या भंगारात या तिन्ही गोष्टी एका गाडीत सापडणे अवघड आहे. तेथून मारुतीचे हब, ब्रेक आणि स्टीअरिंगचा रॅक घ्यावा, सांगाडा मात्र नळ्यांचा नवा करावा, हेच अखेरीस स्वस्त पडते.

नळ्यांचा सांगाडा म्हटला की ‘पाइप जितका जाड, तितका सांगाडा मजबूत’ हा दुसरा गैरसमज पुढे येतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत १९७६ पासून आणि भारतात २००७ पासून, मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे सुरू झालेल्या बाहा एसएई स्पर्धेची नियमावली येथे मोजपट्टी म्हणून उपयोगी पडते. चालकाभोवतीच्या पिंजऱ्याच्या मुख्य नळ्यांसाठी तिने २५.४ मिमी बाह्य व्यास, ३ मिमी जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन असलेले पोलाद हा आधार धरला असून, वाकण्याला तितकाच विरोध करणारी दुसरी नळीही चालते, मात्र तिची जाडी किमान १.५७ मिमी असावी लागते. आता ३१.७५ मिमी व्यासाची आणि १.६५ मिमी जाडीची नळी घेतली, तर ती दर मीटरला १.६६ ऐवजी सुमारे १.२३ किलो भरते, तरीही तिचा ताठपणा सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक ठरतो, कारण वाकण्याला होणारा विरोध धातूच्या राशीपेक्षा तो धातू मध्यापासून किती दूर आहे यावर अधिक अवलंबून असतो. तीस मीटर नळी लागणाऱ्या सांगाड्यात एवढ्यानेच सुमारे १३ किलो वजन वाचते.

तरीही प्रत्येकाने पातळ नळीच घ्यावी असे नाही. साध्या आर्क वेल्डिंगच्या रॉडने १.६५ मिमीची भिंत सहज जळून भोक पडते; तिला टिग किंवा सीओटू वेल्डिंग आणि त्यात मुरलेला हात लागतो. जवळच्या दुकानात आर्क मशीनच असेल तर ३ मिमीची जड नळी हीच शहाणपणाची निवड होय, आणि या तडजोडीची लाज बाळगण्याचे कारण नाही. वेल्डिंगच्या मण्याची जाडी पाहून सांध्याची पारख होत नसते. धातू मुळापर्यंत वितळून एकजीव झाला की नाही, हे त्याच नळीच्या तुकड्यांचा नमुना सांधा जोडून, तो तोडून पाहिल्यावरच कळते.

‘क्रोमोली’ या नावाने विकल्या जाणाऱ्या ४१३० पोलादाविषयीचा समजही तपासून घेतला पाहिजे. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले हे पोलाद साध्या पोलादापेक्षा अधिक ताण सोसते, पण त्याचा ताठपणा जवळजवळ तेवढाच असतो. म्हणजे त्याच मापाची नळी तेवढीच लवते, फक्त कायमची वाकण्यापूर्वी अधिक भार घेते. याउलट स्वस्तातला पाण्याचा जस्ती पाइप कटाक्षाने टाळावा. दुकानात ‘एक इंची’ म्हणून मिळणाऱ्या अशा पाइपचा बाह्य व्यास प्रत्यक्षात सुमारे ३३.७ मिमी असतो, कारण ते माप नाममात्र आतल्या पोकळीचे आहे. त्यातील कार्बनची खात्री नसते, आणि वेल्डिंग करताना जस्ताचा घातक धूर निघून सांधाही सच्छिद्र होतो. नळीसोबत कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र, म्हणजे बाजारातल्या बोलीत ‘टीसी’, मागून घेण्याला काही खर्च येत नाही.

पिळाला विरोध मात्र नळीच्या जातीपेक्षा तिच्या मांडणीतून येतो. चार नळ्यांचा चौकोन कोपऱ्यांत कितीही घट्ट जोडला तरी आडव्या जोराने तिरका होतो; त्यात एक कर्ण टाकला की दोन त्रिकोण होतात आणि तो हलत नाही. शेडच्या छपराची कैची करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, पण तोच कारागीर बग्गी बनवताना बसण्याची जागा मोकळी ठेवण्यासाठी कर्ण गाळतो, हे नवल आहे.

सस्पेन्शन, म्हणजे चाक आणि सांगाडा यांना जोडून चाकाला वरखाली होऊ देणारी यंत्रणा, नंतर पाहता येईल असे समजून सांगाडा आधी घेणे हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. ए-आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या इंग्रजी ए अक्षराच्या आकाराच्या दांड्यांचे, आणि शॉकअपचे टेकू जेथे येतात तेथेच नळ्यांचे सांधे आले पाहिजेत. नळीच्या मधोमध टेकू आला तर प्रत्येक आदळीगणिक ती नळी वाकत राहते. म्हणून आधी चाकाची हालचाल, मग शॉकअप आणि शेवटी सांगाडा, हा क्रम उलटवता येत नाही.

दुचाकीचे शॉकअप स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे असल्याने ते ‘जसेच्या तसे बसते’ असे मानले जाते. येथे चाक-शॉकअप गुणोत्तर समजून घ्यावे लागते : चाक १० सेंमी वर गेल्यावर शॉकअप ६ सेंमी दबत असेल, तर हे गुणोत्तर ०.६ होय. चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. मिलिमीटरला २० न्यूटन कडकपणाची स्प्रिंग ०.६ गुणोत्तराने बसवली तर चाकाशी फक्त ७.२ न्यूटन उरतात, आणि तीच स्प्रिंग ०.८ ने बसवली तर १२.८. चाकावर स्प्रिंगने पेललेले वजन ५० किलो धरले, तर पहिल्या मांडणीत बग्गी उभ्या जागी सुमारे ६८ मिमी बसते, आणि दुसऱ्या मांडणीत सुमारे ३८ मिमी. गुणोत्तर लहान ठेवले की चाकाची चाल वाढते, पण टेकूवर येणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. चालीचा हा मोबदला टेकूच्या वेल्डिंगला मोजावा लागतो. मोनोशॉकचे गणित तर आणखी निराळे आहे, कारण दुचाकीचे मागचे संपूर्ण वजन तो एकटा लीव्हरमधून पेलत असल्याने त्याची स्प्रिंग हलक्या बग्गीच्या एका चाकासाठी बहुधा फारच कडक ठरते.

शॉकअपची कडी आवळली की स्प्रिंग कडक होते, हा समज अनेक जाणकारांतही आढळतो. कडीने स्प्रिंग आधीच थोडी दबून राहते आणि बग्गी उंच उभी राहते. पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला लागणारा जोर साध्या स्प्रिंगमध्ये तोच राहतो. वजन पेलणे हे स्प्रिंगचे काम, तर उसळी जिरवणे हे तेलाच्या डँपरचे. त्यामुळे नुसती कडक स्प्रिंग टाकल्यास तळ आपटणे थांबते, पण जुना डँपर तिची उसळी आवरू शकत नाही आणि चाक जमीन सोडते. दुहेरी नळीचा साधा डँपर जवळजवळ आडवा बसवला तर त्यातील हवा तेलात मिसळून तो काम सोडतो, हेही जागा ठरवताना ध्यानात ठेवावे लागते. तासगाव परिसरातील काळी माती ओली असताना चाकांना थराथराने चिकटते आणि स्प्रिंगखालचे वजन वाढवते. तेथे डँपरची कसोटी कोरड्या मुरमापेक्षा अधिक लागते.

मारुतीचा रॅक स्वस्त आहे, पण त्याच्या टोकांमधील अंतर ए-आर्मच्या सांध्यांशी जुळले नाही, तर चाक वरखाली होताना आपोआप वळते आणि बग्गी खड्ड्यांतून सरळ धावत नाही. रॅक मध्ये कापून आखूड करण्यापेक्षा तो विकत घेण्यापूर्वी मोजणे सोपे.

कधी महाविद्यालयीन संघाची जुनी बग्गी स्वस्तात मिळते आणि बहुतेकदा तो सर्वांत चांगला सौदा असतो, मात्र ताज्या रंगावर विश्वास ठेवू नये. दोन्ही बाजूंचे कर्ण फितीने मोजावेत, टेकूंच्या सांध्यांवरील रंग खरवडून लाल डाय पेनिट्रंटने तडे तपासावेत, आणि चालकाच्या हेल्मेटपासून पिंजऱ्याच्या नळ्यांच्या रेषेपर्यंत सुमारे १५ सेंमी जागा राहते का ते पाहावे. वाकलेली नळी तापवून सरळ करण्याचा मोह येतो. ती कापून नवी घालणे हाच उपाय आहे.

शेवटचा गैरसमज रस्त्याचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही आणि घरी बनवलेली बग्गी त्या नोंदणीस पात्र ठरत नाही. त्यामुळे सांगाड्याच्या खर्चात तो शर्यतीच्या जागेपर्यंत नेणाऱ्या टेम्पोचे भाडेही धरावे लागते.