एजंटला भातसा धरण समजावून सांगताना

भातसा धरण भरलं की त्यात किती पाणी असतं? मुंबई महापालिकेच्या रोजच्या तक्त्यानुसार ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे ७१७ दशलक्ष घनमीटर (दलघमी). जलसंपदा विभागाच्या तक्त्यात त्याच धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ९४२ दलघमी. महापालिका आपल्या पुरवठ्याच्या हिशेबातला साठा धरते, जलसंपदा विभाग अख्ख्या धरणाचा. चूक कुणाचीच नाही. पण ५०० दलघमी या आकड्याला ७१७ ने भागलं तर धरण ७० टक्के भरलेलं दिसतं, ९४२ ने भागलं तर ५३ टक्के.

हा आकडा आता माणसाऐवजी एआय एजंट वाचू लागणार आहे. प्रश्न ऐकून स्वतःच योग्य टूल (ठरावीक काम करून देणारा छोटा प्रोग्राम) निवडायचं, त्यातून माहिती आणायची आणि उत्तर द्यायचं, हे काम करणारा प्रोग्राम म्हणजे एजंट. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ ॲप आणलं, त्यात शेतकऱ्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. धरणं, सातबारा, एसटी, दवाखाने यांची टूल्सही अशा एजंटांच्या हाती जातील. ती टूल्स बनवणाऱ्यांमध्ये काही गैरसमज पक्के बसलेले आहेत.

गैरसमज: एआय हुशार आहे, कोड बघून समजून घेईल.

वस्तुस्थिती: कोड त्याच्यासमोर सहसा नसतोच. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केला. एजंटला टूल जोडण्याची ही पद्धत आज बरीच रुळली आहे. तिच्यात मॉडेलला, म्हणजे एजंटमागच्या एआयला, टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा मिळतो. टूल निवडायचं ते एवढ्यावरच. वर्णनात ‘धरणाचा साठा देते’ इतकंच असेल, तर लिटर की घनमीटर, टक्केवारी कशाची, आकडा आज सकाळचा की गेल्या आठवड्यातला, हे सगळं एजंट अंदाजाने भरतो. तारखेचंही तसंच. १०/०७ म्हणजे १० जुलै की ७ ऑक्टोबर? एकीकडे पावसाळा नुकता लागलेला, दुसरीकडे संपत आलेला. तारखेचा नमुना एका ओळीत दिला की हा घोळ टळतो.

गैरसमज: डेव्हलपरसाठी लिहिलेलं डॉक्युमेंटेशन एजंटलाही पुरेल.

वस्तुस्थिती: डेव्हलपर अडला की शेजारच्याला विचारतो. एजंट पुष्कळदा न विचारताच पुढे जातो आणि चुकीचं उत्तरही ठाम आवाजात देतो. शहापूर म्हणजे ठाणे जिल्ह्यातलं की बेळगावचं? रेल्वेच्या टूलमध्ये ठाण्यातलं शहापूर सापडणारच नाही, कारण तिथलं स्टेशन आसनगाव. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधीच्या याद्यांमध्ये वाडा आणि मोखाडा ठाण्यातच सापडतात. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, म्हणूनच ते लिहायचं राहून जातं.

जमिनीच्या मापात तर नुकसान थेट खिशाला लागतं. मुरबाडचा शेतकरी ‘वीस गुंठे’ म्हणतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. वीस गुंठे म्हणजे साधारण ०.२० हेक्टर. टूलमध्ये रकान्याचं नाव नुसतं ‘क्षेत्र’ असेल आणि एजंटने तिथे २० टाकलं, तर खताचा हिशेब शंभरपट फुगतो. ‘क्षेत्र_हेक्टर’ असं नाव, शेजारी ‘२० गुंठे असतील तर ०.२० लिहा’ असं उदाहरण, आणि अशक्य वाटणारा आकडा नाकारताना ‘क्षेत्र हेक्टरमध्ये द्या’ असा स्पष्ट संदेश, एवढ्याने काम होतं. नुसतं ‘एरर ४००’ आलं तर एजंट तोच आकडा पुन्हा पाठवू शकतो.

गैरसमज: टूल काय करतं ते सांगितलं की झालं.

वस्तुस्थिती: काय करत नाही, तेही सांगावं लागतं, आणि माझ्या मते वर्णनातला सर्वांत मोलाचा भाग तोच. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची मिळून क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. तिचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या भातसाचा. तरीही उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. एखाद्या बाईने एजंटला विचारलं, ‘आमच्या पाड्याला पाणी पुरेल का?’ आणि त्याने धरणाचा साठा बघून ‘पुरेसं पाणी आहे’ असं सांगितलं, तर आकडा बरोबर असूनही उत्तर खोटं ठरेल. म्हणून वर्णनात स्वच्छ लिहावं: ‘हे टूल फक्त धरणातला साठा सांगते. तालुक्यातल्या गावांच्या, पाड्यांच्या पाणीपुरवठ्याच्या प्रश्नासाठी वापरू नये.’

याचा अर्थ पानंच्या पानं लिहावीत असा नाही. मॉडेल एका वेळी ठरावीक मजकूरच लक्षात घेऊ शकतं. पाल्हाळात कामाची ओळ हरवते. एकसारख्या नावांची दहा टूल्स दिली तरी निवड चुकते.

एक गैरसमज मात्र धोक्याचा आहे: वर्णनात ‘परवानगीशिवाय नोंद बदलू नये’ असं लिहिलं की सुरक्षा झाली. वर्णन ही फक्त सूचना आहे. टूल नुसती माहिती वाचतं की नोंद बदलतं, हे लिहायलाच हवं. पण परवानगीची तपासणी कोडमध्येच हवी.

तुम्ही असं टूल बनवत असाल तर त्याचं वर्णन तालुक्यातल्या तलाठ्याला, ग्रामसेवकाला, पाड्यावरच्या आशाताईंना वाचून दाखवा. ते जिथे ‘म्हणजे नेमकं काय?’ असं विचारतील, तिथे आणखी एक ओळ लिहा.